पेरणीची घाई

आज उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात एकच विषय, पेरायचं का? मृग लागून आठवडा झाला, पाऊस एकच, तोही वरवरचा. ढेकूळ फोडलं की आत कोरडा फुफाटा. एवढ्या ओलीवर सोयाबीन टाकलं तर दाणा फुगतो, मोड येतो अन् तिथंच करपतो. मग दुबार पेरणी, दुसरी बॅग, दुसरी उधारी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईस्तोवर तिफण काढू नका म्हणतात, ते यासाठीच.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला (५:७) पावसाची वाट पाहत धीर धरणारा शेतकरी हाच. फक्त त्याचा 'पहिला पाऊस' म्हणजे आपला मृग नव्हे. तिकडं इस्राएलात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, शेवटचा मार्च-एप्रिलात. अब्राहामालाही देवानं संततीचं वचन देऊन वाट पाहायला लावली. त्यानं हारान गाव सोडलं ७५व्या वर्षी, धीर न धरता दासी हागारेपासून मुलगा इश्माएल झाला ८६व्या वर्षी. माझ्या मते ती घाईची पेरणीच. वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता!

वाट पाहणं म्हणजे बाजेवर पडून राहणं नव्हे. घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाच-सहा दिवसांनी मोड मोजा. ७० आले तर बियाणं चालतंय. प्रार्थनाही रोज थोडी, ठरल्या वेळी. आणि बांध आत्ताच नीट करून घ्या, ढग आल्यावर कुणाला सवड नसते.