बेल्ट घसरायचा थांबला. आता चाकाच्या मागे लागलोय

जाड कापड शिवता यावं म्हणून मोटरवरचं शिलाई मशीन हळू पण जोरात चालवायची खटपट चाललीय. काल रात्री कॅनव्हासचे आठ थर, वर सॅकच्या पट्ट्याचं नायलॉन, आणि 21 नंबरची सुई टक्‌ टक्‌ करत आरपार! दोन वेळा उगाचच शिवून पाहिलं.

वेग कमी करायला आधी पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला, त्याचा फज्जा उडाला: व्होल्टेज उतरवलं की वेगाबरोबर जोरही जातो. म्हणून मोटर आणि मशीनच्या मधे एक शाफ्ट टाकला. मोटरची 20 मिमीची पुली शाफ्टच्या 90 च्या पुलीवर, शाफ्टवरची 30 ची मशीनच्या 75 च्या चाकावर. आधी मोटरच्या 3.75 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होता, आता सव्वाअकराला एक. वेग एक तृतीयांश, जोर तिप्पट. कागदावर.

प्रत्यक्षात जाड जोड आला की सुई थबकायची आणि 30 ची पुली बेल्टमध्ये नुसती गरगरायची. तीन रविवार गेले. बेल्ट ताणला, तर शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश तापले. राळ लावली, तर काळा चिखल. शेवटी आई म्हणाली, "अरे, गोधडी शिवताना जोड आला की मी चाकाला हात द्यायचे."

चाक! वेग तिसऱ्या हिश्शावर आला की चाकात साठलेली ऊर्जा नवव्या हिश्शावर येते. आधी जोड चाकाच्या धक्क्यानेच फुटायचा. आता सगळा भार त्या बेल्टवर, आणि तोही पूर्वीच्या तिप्पट ओढीने.

मग गोल चामडी बेल्ट काढून व्ही-बेल्ट (खाचेत रुतून बसणारा) घातला आणि सैल बाजूला, छोट्या पुलीजवळ, बाहेरून दाबणारी एक रिकामी पुली बसवली. (आधी ती ताणाच्या बाजूला लावली होती. हसू नका.) बेल्टची मिठी वाढली, घसरण थांबली. बेअरिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलं. मस्जिद स्टेशनपर्यंतचा लोकलचा धक्का सोसावा लागतो, पण तिथे हातात फिरवून बघता येतं. ऑनलाइन मागवलेलं पहिलं खरखरत होतं.

न घसरणारा दातेरी बेल्ट लावा, असं कुणी सुचवेल. नको. सुई अडकली तर घसरणारा बेल्ट फ्यूजचं काम करतो.

लिहिता लिहिता सुचलं: चाकाची गेलेली ऊर्जा भरून काढायला शाफ्टवरच जड चकती लावली तर? तो चाकाच्या अडीचपट फिरतो. पण थांबा, तिचा धक्काही त्याच बेल्टमधून येणार. म्हणजे वजन चाकावरच हवं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याला चाकावर बसवायचं जड कडं करून देशील का विचारलं, तर म्हणाला, "वजन किती?" सध्या चाक स्वयंपाकघरातल्या काट्यावर आहे, आणि आईला पीठ मोजायचंय.