डॅनिएलचं नाव

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर 3 नंबरची गाडी पकडली आणि हार्लेममध्ये 135 व्या रस्त्यावर उतरले. जिना चढून वर आलं की शोम्बर्ग सेंटर. जानेवारीची थंडी नाकाला झोंबत होती, तरी दाराशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी जाकीट काढून उभी. आतला काळा झगा दिसायलाच हवा ना! डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा टोप. 'एक्स-मेन' कॉमिक्समधली कृष्णवर्णीय नायिका स्टॉर्म झाली होती ती. बाबा तिचं जाकीट हातात धरून कौतुकाने बघत होते.

हे ग्रंथालय म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं माहेरघर. 2013 साली इथे कृष्णवर्णीय कॉमिक्सचा महोत्सव सुरू झाला. त्यासाठीच मी आले होते. आत फरशीवर नद्यांची नक्षी आहे आणि तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांची रक्षा. पाय लागेल म्हणून मी कडेकडेने गेले. मुलं मात्र त्या नद्यांवरून खुशाल पळत होती, आणि ते बघून फार बरं वाटलं.

लहानपणी मी आणि माझी मैत्रीण जिन्यात बसून इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो. महाबली वेताळ आमचा लाडका. त्याच्या गुहेवर पहारा देणारे काळे बुटके लोक घरी कोणावर माया करतात, कशाने हसतात, हे आम्ही कधी विचारलंच नाही. आज त्याची चुटपुट लागते.

ते दाखवायची धडपड अमेरिकेत फार जुनी आहे. 1947 साली फिलाडेल्फियात ऑरिन एव्हन्स या पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढलं. 15 सेंट किंमत. लिहिणारे, चित्रं काढणारे सगळे कृष्णवर्णीय. त्यातला लायन मॅन त्यांच्या सख्ख्या भावाने, जॉर्जने, चितारला. दुसऱ्या अंकाची तयारी झाली, पण कागद विकायलाच कोणी तयार होईना. एकाच अंकावर सगळं थांबलं.

एका टेबलावर जुन्या अंकांची खोकी होती. मी ल्यूक केज उचलला. 1972 साली आलेला, याच हार्लेमचा हिरो. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला, तिथल्या प्रयोगात त्याच्या कातडीत गोळी शिरेनाशी झाली. पण मला तो आवडतो तो डॅनी रँडमुळे. 1978 पासून दोघांची नावं एकाच मुखपृष्ठावर यायला लागली. एक हार्लेमचा, दुसरा गडगंज घरचा गोरा कुंग-फूवाला. भांडतात, तुटतात, पण अडचणीला धावून येतात. पुढे ल्यूकचं जेसिका जोन्सशी जुळलं, मुलगी झाली. तिचं नाव डॅनिएल. डॅनीवरून!

"पोरीला मित्राचं नाव," टेबलामागचे आजोबा म्हणाले. त्यांनी बाळाला छातीशी धरलेल्या ल्यूकचं पान उघडून दिलं. एवढा धिप्पाड माणूस, आणि बाळाच्या डोक्यामागे हात किती जपून धरलेला!

मी दोन अंक घेतले. एक जिन्यातल्या मैत्रिणीला.