परसातली भिंत: १:२४ प्रमाणातल्या विटांचा माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातले आमचे जुने घर गेल्या वर्षी उतरवले गेले. त्याआधी परसातल्या भिंतीची मापे मी टेप लावून वहीत उतरवून ठेवली होती: लांबी २० फूट, उंची ६ फूट, जाडी ९ इंच, आणि मधोमध आजी तिन्हीसांजेला पणती ठेवत असे तो कोनाडा. या भिंतीची १:२४ प्रमाणातली प्रतिकृती करायची, आणि तीही पुठ्ठ्यावर रेघा मारून नव्हे, तर सुट्या विटा एकेक रचून करायची, असे मी ठरवले.

हिशेब सोपा होता. घराची वीट ९ × ४.५ × ३ इंचांची. तिचा चोविसावा भाग म्हणजे जवळपास ९.५ × ४.८ × ३.२ मिलिमीटर. दोन विटांमधला सांधा सुमारे १० मिलिमीटरचा, म्हणजे प्रतिकृतीत तो ०.४ मिलिमीटर. भिंतीची लांबी २५.४ सेंटिमीटर आणि उंची ७.६ सेंटिमीटर भरत होती. एका थरात साधारण ५० विटा आणि एकूण २१ थर, अशा एक हजाराहून अधिक विटा लागणार होत्या. मोडतोड धरून मी १३०० विटांची तयारी केली.

सुरुवात मी सिलिकॉनच्या साच्यात प्लास्टर ओतून केली. विटा नेमक्या मापाच्या निघाल्या, पण त्या सगळ्या एकसारख्या होत्या. वरून रंग दिला, तरी कोपऱ्याचा टवका उडताच आतले पांढरे प्लास्टर दिसे, आणि जुन्या भिंतीचे कोपरे तर झिजलेलेच हवे होते. वीट आतूनही विटेच्याच रंगाची असली पाहिजे, हे तेव्हा मनात पक्के झाले. मग घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर मातीच्या काही विटा भाजून पाहिल्या. दिसायला त्या ठीक होत्या. रात्री पाण्यात टाकल्या आणि सकाळी वाटीत फक्त चिखल उरला. सुमारे ६०० अंशांच्या पुढे गेल्यावरच मातीत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. घरातल्या ओव्हनचे हे काम नव्हते. आमच्या गावाजवळच्या कुंभारकाकांकडे मी गेलो, आणि त्यांनी मडक्यांसाठी तयार केलेली माती दिलीच, शिवाय भट्टीत जागा देण्याचेही कबूल केले.

त्या मातीतला वाळूचा बारीक कण मडक्याला चालतो, पण १:२४ प्रमाणात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे विटेत रुतलेला जवळपास एक इंचाचा दगड. म्हणून माती पाण्यात कालवून ती मलमलच्या कापडातून दोनदा गाळली, आणि निवळलेले पाणी ओतून गाळ विटेसाठी वापरण्याजोगा घट्ट होईपर्यंत सावलीत ठेवला. आता प्रश्न आकसण्याचा होता. ओल्या मातीच्या पट्टीवर १०० मिलिमीटरची खूण करून ती वाळवली, तेव्हा ९४ भरली, आणि भाजून आल्यावर ९२. माझ्या मातीपुरता ८ टक्क्यांचा हा आकडा हाती आल्यावर सर्व मापे उलटी मांडली. भाजल्यावर ९.५ मिलिमीटर हवे असेल, तर ओली वीट १०.३ मिलिमीटरची कापायची; रुंदी ५.२ आणि जाडी ३.५. वीटभट्टीवरचा साचाही तयार विटेपेक्षा मोठा असतो, त्याचे कारण हेच.

साडेतीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये माती लाटून तिची पोळी केली. विटा कापण्यासाठी एका लाकडी चौकटीवर ५.२ मिलिमीटरच्या अंतराने पोलादी तारा ताणल्या. ओल्या मातीत तारा घातल्या, तर कडा ओढल्या जातात आणि विटेला मिशा फुटतात. बोटाचा ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, अशा चामड्यासारख्या घट्ट अवस्थेत ती कापली, तर कड स्वच्छ येते. ही अवस्था उन्हाळ्यात जेमतेम अर्धा तास टिकते, त्यामुळे एका वेळी तळहाताएवढीच पोळी लाटणे बरे. कापलेल्या विटा वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर फळी ठेवली, म्हणजे वाळताना त्या वाकल्या नाहीत.

भट्टीचा प्रसंग सविस्तर सांगतो. इतक्या लहान विटा राखेत हरवू नयेत म्हणून मी त्या गाडग्यात भरल्या, वर परळ ठेवला आणि सांधा चिखलाने लिंपून टाकला. गोवऱ्या, पाचट आणि लाकूड रचलेली भट्टी रात्रभर धुमसली. दुसऱ्या दिवशी गाडगे उघडले, तर आतल्या सगळ्या विटा काळ्याठिक्कर. माझा चेहरा पाहून कुंभारकाकांनी शांतपणे सांगितले की, हवा कोंडली की मातीचे भांडेही काळेच होते. काळी मडकी ते मुद्दाम अशीच करतात. मातीतल्या लोहाला लाल रंग धरायला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही आणि धूर आत कोंडला, की लोह काळपट राहते आणि काजळी मातीत मुरते. त्याच विटा पुढच्या भट्टीत भोके पाडलेल्या गाडग्यात घालून पुन्हा भाजल्या, आणि त्यांतल्या बहुतेक लाल झाल्या. काहींच्या पोटात करडी छटा उरली, काही भोकांजवळच्या भडक तांबड्या झाल्या, काही फिकट राहिल्या. आमच्या परसातल्या भिंतीतही हेच तीन रंग होते, आणि कितीही कौशल्याने रंगवले असते, तरी हे मिश्रण मला साधले नसते.

रचताना पहिले चार थर अर्ध्या तासात निखळले. चुना, चाळलेली दगडाची बारीक भुकटी आणि पातळ केलेले फेव्हिकॉल असा मसाला मी केला होता, आणि तो चांगलाच होता. पण कोरड्या विटा त्यातले पाणी क्षणात शोषून घेत आणि मसाला पकड धरण्याआधीच वाळून जाई. गवंडी विटा आधी पाण्यात भिजवतो हे लहानपणापासून पाहिले होते, तरी मिलिमीटरच्या कामात तो नियम लागू असेल असे मला वाटले नाही. विटा पाच मिनिटे भिजवून, कापडावर टिपून लावल्या आणि भिंत उभी राहिली. सांधा सारखा राहावा म्हणून ०.४ मिलिमीटर जाडीच्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या मध्ये धरल्या आणि मसाला घट्ट होताच ओढून घेतल्या. नंतर टूथपिकने दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, मसाल्याने भरल्या.

मूळ भिंतीत एक थर लांब बाजूंचा आणि त्यावरचा थर आखूड बाजूंचा, असा इंग्लिश बाँड होता. सांधेमोड व्हावी, म्हणजे वरच्या आणि खालच्या थराचे उभे सांधे एका रेषेत येऊ नयेत, म्हणून आखूड बाजूंच्या थरात कोपऱ्यातल्या विटेनंतर अर्ध्या रुंदीचा तुकडा लागतो. तो मी प्रत्येक वेळी घातला. रंगांची वाटणी मात्र नजरेने केली नाही. हात नकळत नक्षी करू लागतो. म्हणून सगळ्या विटा परातीत कालवून न पाहता उचलल्या.

कोनाडा सर्वांत शेवटी केला. तो चार थर उंच आणि अर्ध्या जाडीइतका खोल, म्हणजे तिथे मागच्या बाजूची फक्त अर्धी वीट राहते. त्याच्या डोक्यावर घरी दगडाची लादी होती. इथे शाळेतल्या जुन्या दगडी पाटीचा दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा घासून बसवला. कोनाड्याच्या वरच्या कडेला घरी तेलाच्या धुराचा काळा ओघळ होता. पणतीची ज्योत तिथे क्षणभर धरून तो तसाच उमटवला, रंग वापरला नाही. पायथ्याच्या दोन थरांवर लोणा, म्हणजे ओलीमुळे येणारा पांढरा खार, फुटलेला दिसावा म्हणून चुन्याचे पाणी कोरड्या कुंचल्याने टिपून लावले.

भिंतीच्या डाव्या हाताला परसातली विहीर होती. तिच्या गोल कठड्यासाठी आतून अरुंद आणि बाहेरून रुंद अशी पाचरीच्या आकाराची वीट लागेल, आणि ती तारांच्या चौकटीवर कापता येणार नाही. जुन्या फोटोवरून तिची मापे काढली आहेत, आणि कुंभारकाकांकडून आणलेली नवी माती कालपासून भिजत घातली आहे.