बुकिंग केलं तेव्हाची किंमत

ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल ही इलिनॉयमधली जोडगावं. शिकागोपासून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर, चहूकडे मका आणि सोयाबीन. मराठी माणूस इथे आला तो मुख्यतः स्टेट फार्म या विमा कंपनीमुळे. तिचं मुख्यालय ब्लूमिंग्टनमध्ये आहे आणि आयटीतली आपली पुष्कळ मंडळी तिथे कामाला आहेत. पण हल्ली गावाचं नाव सांगितलं की लोक दुसऱ्याच कंपनीबद्दल विचारतात. नॉर्मलच्या पश्चिमेला मित्सुबिशीचा कारखाना होता, तो २०१५ मध्ये बंद पडला. २०१७ मध्ये रिव्हियन या नव्या कंपनीने तो विकत घेतला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिथून आर-वन-टी हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक गिऱ्हाइकांच्या हाती जाऊ लागला. उभ्या लंबगोल दिव्यांची ती गाडी आता इथे किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येही सहज दिसते.

भारतातून फोन आला की हमखास कोणीतरी विचारतं, “तुमच्याच गावात बनते, तुम्हाला स्वस्तात मिळत असेल ना?” नाही मिळत. उलट याच गाडीच्या किमतीवरून २०२२ मध्ये अमेरिकेत जे झालं, ते भारतात इलेक्ट्रिक गाडी बुक करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

आर-वन-टी पहिल्यांदा दाखवली गेली नोव्हेंबर २०१८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑटो शोमध्ये. बुकिंगचे १,००० डॉलर, परत मिळणारे. लोकांनी संकेतस्थळावर बसून रंग, चाकं, आतलं सीट कव्हर असं एकेक निवडलं, खाली एकूण आकडा दिसला, तो मान्य केला आणि रांगेत उभे राहिले. पहिल्या दिवसांत बुकिंग केलेल्यांनी तीन वर्षांहून जास्त वाट पाहिली. मधल्या काळात कोविड आला, चिपचा तुटवडा आला, तारखा पुढे गेल्या. लोकांनी तेही समजून घेतलं. मग १ मार्च २०२२ ला कंपनीने नव्या किमती जाहीर केल्या. चार मोटरच्या ट्रकची सुरुवातीची किंमत ६७,५०० डॉलरवरून ७९,५०० वर गेली. आर-वन-एस या एसयूव्हीची ७०,००० वरून ८४,५००. तेव्हाच्या दराने ट्रकमागे नऊ लाख रुपयांची वाढ आणि एसयूव्हीमागे अकरा लाखांची. आणि ही वाढ नव्या गिऱ्हाइकांपुरती नव्हती, आधीपासून रांगेत असलेल्यांनाही लागू होती. ज्यांनी आधीच बरीच ऑप्शन्स निवडली होती त्यांचं बिल तर आणखी फुगलं.

त्याच दिवशी कंपनीने दुसरीही एक गोष्ट जाहीर केली, आणि मला ती किंमतवाढीपेक्षा जास्त खटकते. ६७,५०० डॉलरचा ट्रक अजूनही आहे, असं सांगितलं गेलं. फक्त त्यात चारऐवजी दोन मोटर, बॅटरी लहान, एका चार्जमध्ये २६० मैलांच्या आसपास, आणि मिळणार २०२४ मध्ये. म्हणजे आकडा तोच ठेवला आणि त्याच्याखालची गाडी बदलली. किंमत वाढली की ती डोळ्यांना दिसते, माणूस चिडतो, भांडतो. व्हेरियंट बदललं की समोरचा म्हणू शकतो, “किंमत कुठे वाढवली? तुमच्या बजेटमध्ये आहे की गाडी!” आणि आपण मोटर, बॅटरी, मैल यांचा हिशेब मांडत बसतो.

लोकांनी धडाधड बुकिंगं रद्द केली. दोनच दिवसांत, ३ मार्चला, कंपनीचे संस्थापक आणि प्रमुख आर. जे. स्कॅरिंज यांनी ग्राहकांना पत्र लिहून माफी मागितली. १ मार्चच्या घोषणेआधी ज्यांनी बुकिंग केलं होतं त्यांना जुनीच किंमत, आणि रागाने ज्यांनी रद्द केलं त्यांनाही त्यांची जागा परत. निर्णय अगदी योग्य होता आणि तो इतक्या लवकर घेतला याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण दोन दिवसांत जे करता आलं ते दोन दिवस आधीही करता आलं असतं. कच्चा माल महागला होता, सुटे भाग महागले होते, प्रत्येक ट्रकवर कंपनी तोटा सोसत होती, हे सगळं खरं. तरी तो तोटा तीन वर्षं रांगेत उभं राहिलेल्या माणसाच्या खिशातून भरून काढायचा हा विचार आधी झाला आणि त्या माणसाचा विचार आरडाओरडा झाल्यावर, हा क्रम मला पटत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने एक्सप्लोर हे सगळ्यात स्वस्त पॅकेज बंदच केलं. फार थोड्या लोकांनी ते घेतलंय, असं कारण दिलं. ज्यांनी ते बुक केलं होतं त्यांनी १ सप्टेंबरपर्यंत वरचं अॅडव्हेंचर पॅकेज निवडावं, नाहीतर बुकिंग सोडून द्यावं. ओढूनताणून बजेट बसवणारा माणूस नेमका सगळ्यात खालचं व्हेरियंट घेतो. संख्येने तो थोडा असेल, पण वरच्या पॅकेजचे जास्तीचे हजारो डॉलर त्यालाच सगळ्यात जड जातात.

त्या ऑगस्टमध्ये इथे आणखी एक गोंधळ होता, सरकारी. १६ ऑगस्ट २०२२ ला बायडन यांनी इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टवर सही केली आणि इलेक्ट्रिक गाडीवरच्या ७,५०० डॉलरच्या करसवलतीचे नियम बदलले. २०२३ पासून ट्रक आणि एसयूव्हीची किंमत ८०,००० डॉलरच्या आत हवी, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न तीन लाख डॉलरच्या आत हवं. सहीच्या आधी ज्यांच्या हातात गाडीचा लेखी, बंधनकारक करार होता त्यांना जुने नियम लागू होणार होते. साधं बुकिंग त्यात धरलं जात नाही. म्हणून रिव्हियनने रांगेतल्यांना करारावर सही करायची सोय दिली, १,००० पैकी १०० डॉलर परत न मिळण्याच्या अटीवर. अगदी शेवटच्या दिवसांत लोकांनी कागद वाचून सह्या केल्या. ती सवलतच ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे आता तो हिशेब उरला नाही. पण तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. इतकी वर्षं सांभाळलेला बुकिंगचा ईमेल कायद्याच्या दृष्टीने करार नव्हताच.

हे एकट्या रिव्हियनचं आहे असंही नाही. फोर्डने मे २०२१ मध्ये एफ-१५० लायटनिंग ही इलेक्ट्रिक पिकअप जाहीर केली तेव्हा सगळ्यात स्वस्त प्रो व्हेरियंट ३९,९७४ डॉलरला होतं. १०० डॉलर भरून जवळजवळ दोन लाख लोकांनी नाव नोंदवलं. मार्च २०२३ पर्यंत तीच प्रो ५९,९७४ वर पोचली आणि जुलैमध्ये एकदम ४९,९९५ वर उतरली. टेस्लाच्या सायबरट्रकची तऱ्हा आणखी वेगळी. नोव्हेंबर २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरपासून सुरू होणारा ट्रक दाखवला, वरच्या मॉडेलला ५०० मैलांपेक्षा जास्त रेंज सांगितली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाड्या द्यायला सुरुवात झाली तेव्हा दोन मोटरचा ट्रक ७९,९९० डॉलरचा होता, तीन मोटरचा ९९,९९० चा, आणि त्या सगळ्यात वरच्या मॉडेलची रेंज ३२० मैल. चार वर्षं थांबून किंमतही गेली आणि मैलही गेले. किंमत उतरल्यावरही लोक दुखावतात, हे टेस्लानेच जानेवारी २०२३ मध्ये दाखवलं. लांब पल्ल्याची मॉडेल वाय ६५,९९० वरून ५२,९९० डॉलरवर आली आणि डिसेंबरमध्ये घेतलेल्यांचे तेरा हजार डॉलर एका रात्रीत गेले. चीनमध्ये तर त्या महिन्यात लोक टेस्लाच्या शोरूममध्ये जाऊन जाब विचारत होते.

आता आमचं. रिव्हियन आमच्या बजेटच्या बरीच वर, म्हणून आम्ही दुसऱ्या एका कंपनीची छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही डीलरकडे बुक केली. नाव लिहीत नाही. मधलं व्हेरियंट निवडलं ते एका कारणासाठी, त्यात हीट पंप होता. इथे जानेवारीत उणे वीसपर्यंत पारा उतरतो. साध्या हीटरने गाडी गरम ठेवायची तर बॅटरीतली वीज भराभर जाते. हीट पंप तेच काम कमी विजेत करतो, फार कडक थंडीत मात्र हा फरक घटतो. सनरूफ, मोठा स्क्रीन, अॅम्बियंट लाइट यांतलं काहीही आम्हाला नको होतं. हिवाळ्यात माझं ऑफिस, मुलीची शाळा आणि पोहण्याचा क्लास मध्ये चार्जिंगला न थांबता झालं पाहिजे, एवढीच गरज.

काही महिन्यांनी डीलरचा फोन आला, गाडी आली आहे. तिथे गेल्यावर मी आधी खिडकीवरचा कागद वाचायला लागले. इथे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मोनरोनी स्टिकर असतो. १९५८ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे, ओक्लाहोमाच्या माइक मोनरोनी या सिनेटरच्या नावाने ओळखला जातो. मूळ किंमत, एकेका ऑप्शनचे वेगळे पैसे, कारखान्यापासून इथवर आणण्याचं भाडं, शेवटी बेरीज, सगळं त्यावर छापलेलं असतं. गाडी ताब्यात येईपर्यंत तो काढायचा नाही. ही पद्धत मला फार आवडते. भारतातही हवी. तर त्या स्टिकरवर आमच्या व्हेरियंटचं नाव होतं, आणि ऑप्शनच्या यादीत हीट पंप नव्हता. त्याच्या शेजारी, त्याच आकाराचा, तसल्याच टाइपात छापलेला दुसरा स्टिकर, डीलरचा. त्यावर काचांना फिल्म, टायरमध्ये नायट्रोजन, दारांच्या कडांना संरक्षक पट्टी आणि खाली ‘मार्केट अॅडजस्टमेंट ५,००० डॉलर’, म्हणजे मागणी आहे म्हणून डीलरने वर लावलेले पैसे.

सेल्समनला विचारलं. बिचारा नवीनच लागलेला मुलगा, त्याला हीट पंपाचं काही माहीत नव्हतं. मॅनेजर आला. या मॉडेल वर्षापासून कंपनीने हीट पंप वरच्या व्हेरियंटला नेला, म्हणाला, आणि ५,००० डॉलर सगळ्याच गाड्यांना आहेत. बुकिंग करताना काढलेली प्रिंट मी समोर ठेवली. त्याने ती वाचलीही नाही. “ही कंपनीने सुचवलेली किंमत आहे, आमची नाही,” एवढंच. कायद्याने तो बरोबर होता. अमेरिकेत जुन्या कंपन्यांच्या नव्या गाड्या डीलरमार्फतच विकल्या जातात, आणि स्टिकरवरच्या किमतीला विकायचं बंधन डीलरवर नाही. पण आम्हाला यायला सांगताना फोनवर यातला एकही शब्द त्याने उच्चारला नव्हता. मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती. त्या क्षणी नाही म्हणणं किती कठीण जातं हे या धंद्यातल्या लोकांना पुरतं ठाऊक असतं, आणि त्याचाच फायदा घेतला जातो, याचा मला अजून राग आहे.

आम्ही नाही म्हणालो. डिपॉझिट परत मिळालं. पुढे शेजारच्या इंडियाना राज्यात एका डीलरकडे मागच्या मॉडेल वर्षाची, हीट पंप असलेली तीच गाडी शिल्लक होती, ती स्टिकरच्या किमतीत घेतली.

भारतात हे वेगळं आहे असं वाटत असेल तर बुकिंग फॉर्म उलटून मागची बाजू वाचा. ‘डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत ग्राहकास देय राहील’ अशा अर्थाची ओळ तिथे बहुतेक असतेच. जानेवारीत किमती वाढतात, ‘सुरुवातीची खास किंमत’ पहिल्या अमुक हजार गाड्यांपुरती असते, आणि आपला नंबर त्यात आहे की नाही हे फोन आल्यावर कळतं. व्हेरियंटचंही तसंच. ओलाने २०२१ मध्ये ४९९ रुपयांत स्कूटरची बुकिंगं घेतली, आणि २०२२ उजाडता उजाडता एस-वन बुक केलेल्यांना सांगितलं की तुम्हाला एस-वन प्रोचं हार्डवेअर देतो. वरची फीचर्स हवी असतील तर पैसे भरून चालू करून घ्या, आणि एस-वनच हवी असेल तर बरेच महिने थांबा.

रिव्हियनच्या गोष्टीचा एक पुढचा भाग राहिला. त्या किंमतवाढीनंतर शेअर पडला आणि भागधारकांनी दावा लावला. गाडी बनवायचा खर्च किमतीपेक्षा जास्त आहे, किमती वाढवाव्या लागणार हे कंपनीला आयपीओच्या वेळीच माहीत होतं आणि ते सांगितलं नाही, असा त्यांचा आरोप. कंपनीने तो मान्य केला नाही, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये २५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवायचं कबूल केलं. आणि मार्च २०२४ मध्ये आर-टू ही छोटी गाडी दाखवली, ४५,००० डॉलरच्या आसपास सुरुवातीची किंमत सांगून, तेव्हा १०० डॉलर भरून चोवीस तासांच्या आत ६८,००० हून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. लोक अजून विश्वास टाकायला तयार आहेत. तो सांभाळणं कंपन्यांच्या हातात आहे: पैसे घ्यायच्या आधीच सांगा की किंमत पक्की आहे की नाही, किती महिने पक्की आहे, आणि व्हेरियंट बदललं तर काय करणार.

मागच्या आठवड्यात नाशिकहून मामेभावाचा फोन आला. “ताई, टोकन भरलं. एकवीस हजार. दसऱ्याला गाडी!” मी फॉर्मचा फोटो मागवला. किमतीच्या रकान्यात एक्स-शोरूम आकडा आहे, व्हेरियंटच्या रकान्यात नुसतं मॉडेलचं नाव, आणि किंमत धरून ठेवण्याबद्दल एक अक्षर नाही. त्याला म्हटलं, “अरे, व्हेरियंट आणि बॅटरी किती किलोवॅट-तासांची ते पूर्ण लिहून घे, या किमतीत कुठल्या तारखेपर्यंत देणार ते लिहून घे, बदल झाला तर टोकन किती दिवसांत परत ते लिहून घे, आणि खाली मॅनेजरची सही-शिक्का. तोंडी काही नको.” शनिवारी तो शोरूमला जाणार आहे. ते काय लिहून देतात आणि कशाला नाही म्हणतात, ते कळलं की खाली टाकते.