चौथी डिस्क बसली: रेडझेड वाढवल्याचा हिशेब

मंडळी, माझ्या झेडएफएस या फाइल सिस्टिमवरच्या साठवणीत चौथी डिस्क बसली आणि पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली एकच साठवण) एकदाही उतरवावा लागला नाही. गेली चार वर्षं मी याच गोष्टीची वाट बघत होतो.

नव्यांसाठी थोडक्यात. माझ्याकडं ४ टीबीच्या तीन डिस्कचा रेडझेड-१ पूल होता, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. त्यात आबांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात व्हीएचएसवर घेतलेल्या कुस्त्या आहेत. एफएफव्ही१ मध्ये (दर्जा न घटवणारा व्हिडिओ प्रकार) उतरवल्या की तासाला ३० जीबीच्या आसपास जातात, म्हणजे दोनशे तासांचे झाले ६ टीबी. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या घरात कमरेएवढं पाणी होतं. खालच्या कप्प्यातल्या अकरा कॅसेटी तेव्हा गेल्या त्या गेल्याच. आता मशीन माडीवर आहे आणि एक प्रत पुण्यात बहिणीकडं.

पूर्वी रेडझेडला एक डिस्क जोडायची सोय नव्हती. सगळा डेटा बाहेर काढा, पूल मोडा, नवा बांधा. झेडएफएसच्या मूळ कर्त्यांपैकी मॅथ्यू आरेन्स यांनी सुरू केलेलं विस्ताराचं काम जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएस २.३.० मधून आपल्या हातात आलं. आदेश एकच, झेडपूल अटॅच: पुढं पूलचं नाव, रेडझेड१-० (वाढवायच्या डिस्क-गटाचं नाव) आणि नवी डिस्क. डिस्क मात्र बाय-आयडीनंच, म्हणजे तिच्या कायमच्या ओळखनावानं द्या, एसडीबी-एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलतात. आणि घेताना सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना, हे बघूनच घ्या.

काम ३१ तास चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली आणि मशीन बंद पडलं. माझ्या पोटात गोळा आला. लाइट आल्यावर पूल इम्पोर्ट झाला, झेडपूल स्टेटस बघितलं तर विस्तार थांबला होता तिथूनच पुढं सुरू. पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची जादा माहिती) सगळा वेळ शाबूत असते, मधेच एखादी डिस्क गेली तर विस्तार थांबून राहतो. शेवटी स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, आपोआप लागला. चुका शून्य.

आता खरा मुद्दा, कारण इथं बरेच जण गडबडतील. जुने ब्लॉक (डेटाचे तुकडे) चारही डिस्कवर पसरतात, पण त्यांचं डेटा-पॅरिटीचं प्रमाण जुनंच राहतं, दोनास एक. माझ्या ६ टीबीनं पॅरिटीसकट कच्ची जागा ९ टीबी खाल्ली होती, विस्तारानंतरही तेवढीच. चार डिस्कच्या १६ मधून ९ गेले, उरले ७. नवीन लिहिलेलं तेवढं तिनास एकनं बसतं. तोच डेटा पुन्हा लिहिला तर ८ टीबीत मावतो, म्हणजे १ टीबी फुकट सुटतो.

आकडेही फसवतात. झेडएफएस लिस्ट मोकळी जागा अजून जुन्याच प्रमाणानं मोजतं. नवी उतरवलेली तासाभराची कुस्ती ३० जीबीची, पण डीयू (फाइलनं घेतलेली जागा सांगणारा आदेश) २६.७ दाखवत होतं. फाइल तुटली समजून मी चेकसम (फाइल पडताळायचा आकडा) काढला, तो जुळला. तीस जीबीला कच्चे ४० लागतात आणि त्याचे जुन्या प्रमाणानं दोन तृतीयांश २६.७, एवढाच तो हिशेब.

पुन्हा लिहायला पूर्वी सीपी (कॉपीचा आदेश) मारायचो, आता २.४ मध्ये फाइल जागच्या जागी पुन्हा लिहिणारा झेडएफएस रिराइट आहे. फाइलची तारीख बदलत नाही, हे मला फार मोलाचं, कारण कुस्तीची तारीख मी तिथंच ठेवलीय. पण आधी स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) बघा. जुने ब्लॉक स्नॅपशॉटनं धरून ठेवले तर जागा सुटायची राहिली बाजूला, उलट दुप्पट जाते. मी पुण्याची प्रत तपासून घेतली आणि मगच जुने स्नॅपशॉट उडवले.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. जोडलेली डिस्क परत काढता येत नाही आणि रेडझेड-१ चं रेडझेड-२ होत नाही. पाच-सहा डिस्कपर्यंत जायचं मनात असेल तर सुरुवातच रेडझेड-२ नं करा, त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. मी केली नाही, त्याची चुटपुट आहे.

काल रात्री १९९४ च्या फोल्डरवर रिराइट लावला. सकाळी चहाच्या वेळेला निम्मा झाला होता.