‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, मॅडम’

सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटवर बघण्यासारख्या दोनच ओळी होत्या. एक स्टिअरिंग कॉलम असेंब्ली, दुसरी स्टिअरिंग गिअर असेंब्ली, म्हणजे आपल्या भाषेत रॅक. लेबर आणि जीएसटी धरून आकडा 71 हजारांच्या वर. माझी पेट्रोल हॅचबॅक सहाव्या वर्षात आहे, एक्स्टेंडेड वॉरंटी केव्हाच संपलेली. म्हणजे जे काय होईल ते खिशातून.

तक्रारी दोन होत्या आणि मी त्या मुद्दाम वेगवेगळ्या लिहून घ्यायला लावल्या होत्या. पहिली : सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग मध्येच एकदम जड व्हायचं आणि मीटरवर स्टिअरिंगचं पिवळं चिन्ह उद्गारचिन्हासकट पेटायचं. इंजिन बंद करून परत चालू केलं की सगळं ठीक. दुसरी : खराब रस्त्यावर पुढून डाव्या बाजूला खटखट, आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढायची. मी मुलुंडला राहते, ऑफिस सीप्झला. म्हणजे एलबीएस मार्ग नाहीतर हायवे, आणि पुढे जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मेट्रोच्या कामाचे पत्रे, लोखंडी प्लेटा, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वर पावसाळा. मुंबईकरांना याहून जास्त सांगायला नको.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने एस्टिमेट पुढे सरकवलं आणि विचारलं, “सर आलेत का बरोबर? त्यांना जरा समजावून सांगितलं असतं.” म्हटलं, सरांना गाडी चालवता येत नाही, तुम्ही मलाच समजवा. समजावणं एवढंच निघालं : “ईपीएस फेल आहे. यात रिपेअर नसतं. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, मॅडम.”

इथे थोडं ईपीएस, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, या यंत्राबद्दल, कारण ते कळलं नसतं तर मी सही करून मोकळी झाले असते. बहुतेक छोट्या गाड्यांत आता ऑइलवर चालणारं पॉवर स्टिअरिंग नसतं. स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, डॅशबोर्डच्या खाली, एक इलेक्ट्रिक मोटर असते. तुम्ही चाक किती जोराने फिरवताय हे एक टॉर्क सेन्सर मोजतो, छोटा कॉम्प्युटर त्यावरून मोटरला करंट देतो आणि आपल्या हाताला हलकं लागतं. खाली चाकं वळवणारा रॅक मात्र साधा दातेरी दांडा, तो पूर्ण यांत्रिक. मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी सांधा तसाच राहतो, त्यामुळे गाडी वळते, फक्त जोर लावावा लागतो. घाबरून चालत्या गाडीत चावी फिरवायची नाही, सावकाश कडेला घ्यायची. आणि ही मोटर सगळ्यात जास्त करंट कधी खाते? गाडी उभी असताना पूर्ण वळवताना. माझा दिवा नेमका तेव्हाच पेटत होता.

म्हणून मी स्कॅन रिपोर्टची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या कोडची, प्रिंट मागितली. ती मिळायला चहा संपवावा लागला. त्यावर एकच कोड होता आणि त्याच्यासमोर इंग्रजीत लिहिलं होतं की पुरवठ्याचं व्होल्टेज कमी. मोटर खराब असं नाही, टॉर्क सेन्सर खराब असंही नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “तो कोड असाच येतो, पण शेवटी कॉलमच बदलावा लागतो.” मग म्हटलं, हे वाक्य जॉब कार्डवर लिहून द्या : कोणत्या चाचणीवरून कॉलम खराब ठरवला. “असं आम्ही लिहून देत नाही, मॅडम.” मी तिथेच खुर्चीत बसून तोच प्रश्न त्यांच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल केला. वाद घालायची मला हौस नाही, पण हवेतल्या बोलण्यापेक्षा ईमेलला लोक जरा वचकून असतात.

दुसऱ्या तक्रारीसाठी मात्र मॅनेजरने स्वतः गाडी लिफ्टवर घ्यायला लावली, हे त्याचं चांगलं. मेकॅनिकने पुढचं डावं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि टकटक हाताला लागली. बारा आणि सहावर धरून हलवलं तर काही नाही. वर-खाली धरून हललं असतं तर संशय बॉल जॉइंट किंवा बेअरिंगवर, आडवं हललं म्हणजे टाय रॉड किंवा रॅक. मग त्याने टॉर्च मारला. रॅकच्या टोकाला रबराचा पन्हाळीदार बूट असतो, तो एका घडीत चिरलेला होता. आत बोट घालून त्याने बाहेर काढलं तेव्हा बोटावर ग्रीस नव्हतं, तपकिरी चिखल होता. पॉलिश केलेल्या दांड्यावर गंजाचे खड्डे नखाला लागत होते.

तो बूट काही शे रुपयांना मिळतो. वेळेत बदलला असता तर रॅक वाचला असता. माझ्या गाडीची प्रत्येक सर्व्हिस तिथेच झाली होती, आणि आधीच्या सर्व्हिसच्या चेकलिस्टवर ‘स्टिअरिंग बूट’ या ओळीपुढे ‘ओके’वर छान टिकमार्क होता. तो कागद माझ्याकडे होता. मी त्याचा फोटो त्याच ईमेलला जोडला, तपासणीचे पैसे भरले आणि काम न करता गाडी बाहेर काढली.

घरी आल्यावर सोसायटीतल्या काकांचा सल्ला तयारच होता : “खड्ड्यात आपटली म्हणून क्लेम टाक की!” हा सल्ला प्रत्येकाला मिळतो, म्हणून सांगते. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड धरलेला नसतो. अपघाताने, बाहेरच्या आघाताने झालेलं नुकसान धरतात. खरोखर खड्ड्यात आपटून रिम वाकली, लोअर आर्म वाकला, तर क्लेम होऊ शकतो, पण विमा कंपनीचा सर्व्हेअर ताज्या आघाताच्या खुणा शोधतो आणि गंज काही एका रात्रीत चढत नाही. खोटं लिहिणं हा भाग वेगळाच. शिवाय हिशेबही जमत नाही : पाच वर्षं क्लेम न केल्यावर ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो एका क्लेमने शून्यावर येतो. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर झिरो डेप (घसारा न कापण्याची जास्तीची सोय) नसेल तर 50 टक्के घसारा कापतात तो आणखी निराळा. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तरी बघ विचारून.”

रिकॉल आहे का तेही पाहिलं. आरसी बुकवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं. स्टिअरिंगसाठी रिकॉल होतात, ही काही कल्पना नाही : जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या गाड्यांचं काम फुकट झालं. माझ्या नंबरावर काही निघालं नाही.

खरा उलगडा झाला कुर्ल्याला. कुर्ला ते कलिना, सीएसटी रोडच्या दोन्ही अंगांना गॅरेजं, जुने पार्ट, काचवाले, सीटवाले यांची रांग आहे, मुंबईत गाडी बाळगणाऱ्याला एकदा तरी तिकडे जावंच लागतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. मूळचे साताऱ्याकडचे, साठीच्या आसपासचे, चष्मा दोरीने गळ्यात. मी स्कॅनची प्रिंट दाखवली, त्यांनी ती वाचली (अ‍ॅडव्हायझरपेक्षा जास्त वेळ घेऊन) आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना 12.5, चालू केल्यावर 14 च्या पुढे. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर बरे. मग त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली, दुसरी गाडीच्या बॉडीवर, आणि मला म्हणाले, “ताई, आत बसा. चालू करा आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे दाबून धरा.” मी धरलं. मीटर त्यांनी काचेतून माझ्याकडे वळवला. आकडा 1.4.

“हा शून्याच्या आसपास पाहिजे. दीड व्होल्ट वाटेतच खातोय कुणीतरी. मोटर बिचारी उपाशी.”

कुणीतरी म्हणजे बॅटरीखालच्या ट्रेच्या बाजूला बॉडीला लावलेली अर्थिंगची वायर. तिचा बोल्ट हिरवट-पांढऱ्या बुरशीने माखला होता, आणि वायरच्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) हाताने हलत होता. भांडुपजवळ एलबीएसवर पाणी भरतं तेव्हा तिथून गाडी काढलेल्यांना हे नवल वाटणार नाही. त्यांनी बोल्ट काढला, बॉडी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, वायरला नवा लग क्रिंप केला, बसवून वरून व्हॅसलिन लावलं. परत तीच चाचणी. 0.06. मग वेबसाइटवरच्या ज्ञानावर विश्वास ठेवून मी विचारलं, आतली मोटर तरी एकदा उघडून बघायची का? “चालू गाडीचं ऑपरेशन कशाला करायचं?” असं म्हणून त्यांनी स्कॅनरने जुना कोड पुसला आणि साडेसातशे रुपये घेतले. पिवळा दिवा त्यानंतर पेटलेला नाही.

कॉलम वाचला. रॅकला मात्र इलाज नव्हता. तिथल्याच एका गॅरेजवाल्याने दोन पर्याय सुचवले. एक, रॅकचा अ‍ॅडजस्टिंग नट आवळून प्ले, म्हणजे सैलपणा, काढायचा. आवाज बंद होतो खरा, पण नट जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि गंजलेला दांडा नवा बुशही खाऊन टाकतो. दोन, अपघातातल्या गाडीचा काढलेला रॅक, निम्म्याहून कमी किमतीत. आरसा, दरवाजा, हेडलाइट मी तिथून बिनधास्त घेईन. अपघातात कुठे कसा दाब पडला ठाऊक नसलेला रॅक घेणार नाही, कितीही स्वस्त असो.

मग ऑपेरा हाउस. न्यू क्वीन्स रोडच्या परिसरात सुट्या भागांचे जुने व्यापारी आहेत. तिथे एक गोष्ट लक्षात आली की कंपनीच्या पाकिटातला रॅक एमआरपीलाच असतो, फार तर थोडी सूट. म्हणजे सर्व्हिस सेंटरने पार्टच्या दरात फसवलं नव्हतं, नको असलेला पार्ट माझ्या माथी मारत होते. ते आणि हे वेगळं आहे, आणि तक्रार लिहिताना ते वेगळंच लिहावं. गाडीची कंपनी स्टिअरिंग बहुधा स्वतः बनवत नाही, पूर्वीची सोना कोयो आणि आताची जेटेक्ट इंडिया यांच्यासारख्या कंपन्या पुरवतात. व्यापाऱ्याने चेसिस नंबर विचारून पार्ट नंबर जुळवला, कारण त्याच मॉडेलमध्ये मध्येच रॅक बदललेला असतो. तेव्हा पार्टवर 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला, पण माझं बिल पावसाळ्यातलं. आपलं नशीब.

रॅक बसवला भांडुपच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, बाहेरचे दोन्ही टाय रॉड एंडही नवे टाकले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर टायर एका कडेने खात सुटतात. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही प्रिंट घ्या, आधीच्यावर टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) लाल दिसला पाहिजे आणि नंतरच्यावर हिरवा. जुना रॅक मी मागून घेतला, घरी आणला आणि गॅलरीत ठेवला. सासूबाईंना तो अजिबात आवडला नाही. सगळं मिळून खर्च 25 हजारांच्या आत बसला.

राहिला टिकमार्क. ईमेलला उत्तर आलं ते गोलमोल, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. एस्टिमेट, स्कॅनची प्रिंट, चेकलिस्ट आणि कुर्ल्याची पावती जोडली. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते, पण कंपनीच्या वरच्या ऑफिसातून फोन येतो, आणि तो आला. तपासणीचे पैसे परत मिळाले. बुटाबद्दल त्यांचं म्हणणं असं की तो त्या सर्व्हिसनंतर फाटला असेल. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं : दोन वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो. पण बूट कोणत्या महिन्यात चिरला हे सिद्ध कोण करणार? तज्ज्ञाचा अहवाल आणायचा म्हणजे रॅकच्या किमतीइतके पैसे. मी तिथे थांबले. जुना रॅक भंगारवाल्याला दिला.

रस्त्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. चांगलंच झालं. गाडीच्या हाडांचा त्यात उल्लेख नाही.

सध्या गाडी सरळ चालते. फक्त पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पायाजवळ एकदा ‘टक्’ होतं. भांडुपवाला म्हणतो, इंटरमीजिएट शाफ्टचा जॉइंट आहे, आधी ग्रीस करून बघू, नाहीच थांबलं तर शाफ्ट बदलू. शाफ्टची किंमत मी ऑपेरा हाउसला विचारून ठेवली आहे.