साठ इफेक्टमधले तीन: स्वस्त बेस पेडलचे पहिले सहा आठवडे

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीतल्या घरात शिरलं, तेव्हा बेस गिटार माळ्यावर चढवण्याइतका वेळ मिळाला. अ‍ॅम्प खालीच राहिला आणि संपला. तेव्हापासून घरी नुसत्या तारा वाजवायच्या आणि कार्यक्रमात वायर थेट मिक्सरमध्ये खुपसायची, असं चाललं होतं. आमचा भावगीतं आणि जुनी सिनेमागीतं वाजवणारा सात जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. त्यात बेस आहे हे लोकांना दिसायचं, ऐकू मात्र येत नव्हतं. मलाही नाही.

या उन्हाळ्यात पाच हजार रुपये बाजूला पडले. या पैशांत खर्ज नीट उचलणारा अ‍ॅम्प मिळत नाही. बेसची ओपन ई तार ४१ हर्ट्झला वाजते. तेवढा खालचा स्वर दमदार बाहेर काढायला मोठा स्पीकर, मोठी पेटी आणि भरपूर वॅट लागतात. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) आणि ड्राईव्ह (आवाज किंचित फाडून धार देणारा) असे दोन सुटे पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या पेट्या, घ्यायच्या, तरी बजेट ओलांडत होतं. म्हणून मल्टी-इफेक्ट, म्हणजे एकाच पेडलमध्ये साठेक इफेक्ट. कोल्हापूरच्या एका मुलाकडून झूम बी१ फोर वापरलेला घेतला, ४,८०० रुपयांना.

गिटारचा मल्टी-इफेक्ट स्वस्तात मिळतोय, तोच चालेल का, असं दोघांनी विचारलंय. कोरसला, रिव्हर्बला, म्हणजे आवाज पसरवणाऱ्या आणि घुमवणाऱ्या इफेक्टना, चालेल. ड्राईव्हला माझं उत्तर नाही. गिटारचे बरेच ड्राईव्ह खालचा भाग मुद्दाम पातळ करतात. ट्यूब स्क्रीमरच्या धाटणीच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं सगळं कमी कमी उचललं जातं. गिटारला त्यानं धार येते, पण आपले चारही ओपन स्वर त्या रेषेच्या कितीतरी खाली आहेत: ई ४१, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. बेससाठी बनवलेल्या ड्राईव्हमध्ये मूळ स्वच्छ आवाज मिसळायची सोय बहुतेक वेळा असते. माझ्या मते बेसचं पेडल म्हणून वेगळे पैसे मोजायचे ते याच एका गोष्टीसाठी.

वापरलेला घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. बॅटरीच्या कप्प्यात पांढरा-हिरवा क्षार जमलाय का. जॅक हलवला की आवाज तुटतो का. आणि नॉब हळूहळू फिरवल्यावर स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतो का. तिन्ही ठीक होतं, मग जागेवरच फॅक्टरी रिसेट करून घेतला.

पहिला आठवडा

आईला लवकर झोप लागते, त्यामुळे रात्री नऊनंतर हेडफोन. यात आउटपुट आणि हेडफोनला जॅक एकच आहे, मोठा. मोबाईलचा हेडफोन लावायला साडेतीन मिलिमीटरचं कन्व्हर्टर लागतं, ते आधीच आणून ठेवा. ऑक्स-इनला फोन जोडून तबल्याचं अ‍ॅप लावलं, केरवा सुरू केला आणि सात वर्षांत पहिल्यांदा माझा स्वर आणि ठेका एकाच ठिकाणी ऐकले. त्या रात्री एक वाजेपर्यंत वाजवत बसलो.

पाच इफेक्ट एका वेळी लावता येतात म्हणून पाचही लावले. कोरस, डिले, फ्लँजर. हेडफोनमध्ये स्वर्ग. तीन दिवसांनी सरावाला घेऊन गेलो, तर हार्मोनियम आणि कीबोर्डच्या गर्दीत नुसता चिखल झाला. सगळे काढले.

त्या आठवड्यातली खरी कमाई म्हणजे लूपर, वाजवलेलं टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारा. तीस सेकंदांचा आहे, केरव्याची आवर्तनं आरामात बसतात. स्वतःचं वाजवणं लगेच परत ऐकलं आणि माझं मधलं बोट पहिल्या बोटापेक्षा किती दुबळं आहे ते कळलं. एक स्वर ठणठणीत, पुढचा मेलेला. म्हणून माझा नियम ठरला: सराव कॉम्प्रेसर बंद ठेवून. कार्यक्रमात तो चालू करतो, रेशो ४:१, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज चार डेसिबल चढला तर बाहेर एकच चढतो. अ‍ॅटॅक (कॉम्प्रेसर किती पटकन दाबायला लागतो तो वेग) थोडा सावकाश ठेवतो, नाहीतर तारेवर बोट पडल्याचा ठोका दबतो आणि ढोलकीशी बेसची गाठच पडत नाही.

दुसरा आणि तिसरा आठवडा: घूं घूं

पेडलबरोबर अ‍ॅडॅप्टर मिळाला नव्हता. बाजारातून दीडशे रुपयांचा ९ व्होल्टचा आणला. पेडलला ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, मध्ये निगेटिव्ह असा लागतो. डब्यावर तसंच छापलेलं होतं. लावल्या क्षणापासून घूं घूं. कॉम्प्रेसर चालू केला की दुप्पट, कारण तो हळू आवाज वर ओढतो आणि हम, म्हणजे ही घूं घूं, हा हळू आवाजच. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावून पाहिला, त्यात लांब स्वरांच्या शेपट्या तुटायला लागल्या. भावगीताच्या अंतऱ्यात स्वर मधेच कापला जाणं मला सहन होत नाही.

आमच्या शेजारचे काका मिरजेला सतारमेकर गल्लीत कामाला जातात, चाळीस वर्षं तानपुरे लावताहेत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. रविवारी ते सहज आत आले, मी ओपन जी तार छेडली आणि ते म्हणाले,

“अरे, हिच्याबरोबर आणखी काय वाजतंय? दोन तारा एकमेकींना लागलेल्या नाहीत बघ. हेलकावे येतायत.”

“काका, एकच तार आहे.”

“मग दुसरी कुठंतरी लपलीय. शोध.”

मी घड्याळ घेऊन मोजलं. सेकंदाला दोन हेलकावे. आणि मग उलगडलं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ती डीसी होताना दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात, म्हणून आतला कपॅसिटर अपुरा पडला की उरलेली लहर १०० हर्ट्झची येते. माझी ओपन जी ९८ हर्ट्झची. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, दोन! जी दुसरी तार काकांना ऐकू येत होती, ती भिंतीतल्या सॉकेटमधून येत होती.

चार एए बॅटऱ्या घातल्या, अ‍ॅडॅप्टर उपटला, घूं घूं गेली. पेडल यूएसबीवरही चालतो, त्यामुळे आता घरी पॉवर बँक आणि कार्यक्रमात बॅटऱ्या. हमची तक्रार असेल त्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं: आधी बॅटरीवर लावून बघा, मगच पेडलला दोष द्या. थोडी गुणगुण तरीही उरली, ती पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबक-कॉइलची होती. माझ्या बेसला जाझ बेससारखे दोन सिंगल कॉइल आहेत. दोन्हीचे व्हॉल्यूम सारखे केले की ती जवळजवळ मिटते, कारण दोन्ही कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात. एकाच पिकअपवर वाजवायचं असेल तर ट्यूबलाईटपासून लांब बसायचं.

चौथा आठवडा: जवारी

हा या सहा आठवड्यांतला सगळ्यात मोठा टप्पा.

हेडफोनवर गोल, भरीव लागणारा माझा पॅच (जुळवून साठवलेली इफेक्टची मांडणी) मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवला की बेस गायब. हॉलच्या बाजूच्या छोट्या स्पीकरांवरही तेच. बास वाढवला की मिक्सरचा लाल दिवा लागायचा, ऐकू काहीच यायचं नाही. काकांना विचारलं, तानपुऱ्याचा खर्ज एवढा खाली असून मागच्या रांगेपर्यंत कसा पोचतो? काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे माझ्या ए आणि डी तारांच्या मध्ये.

काकांनी उत्तर दिलं नाही. तानपुरा आणला, घोडी आणि तार यांच्यामधला दोरा काढून छेडला. ठक्. खर्ज होता, पण तिथल्या तिथे विरला. मग दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबवला आणि तीच तार अख्खी खोली भरून बोलायला लागली. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार घासत राहते, त्यातून वरचे सूर जन्म घेतात, आणि ते कानाला खालच्या सुराकडे घेऊन जातात. हीच जवारी.

ड्राईव्हही हेच करतो. ४१ हर्ट्झचा स्वर छोट्या स्पीकरमधून निघत नाही. पण ड्राईव्हने त्याचे ८२, १२४, १६५ हे वरचे स्वर ठळक केले, की ते स्पीकरमधून निघतात आणि कान त्यांच्या अंतरावरून ४१चा स्वर स्वतः भरून घेतो. मी तोवर ड्राईव्ह म्हणजे रॉकचा खरखराट समजत होतो आणि भावगीतांत त्याला हातही लावत नव्हतो. त्या रात्री गेन (ड्राईव्हचा जोर) अगदी कमी, एकटा वाजवताना जेमतेम जाणवेल इतका ठेवला आणि स्वच्छ आवाज निम्म्याहून जास्त मिसळला. तोच पॅच मोबाईलच्या स्पीकरवर लावला. प्रत्येक स्वर वेगळा ओळखू आला.

काकांनी जसा दोरा सरकवला तसाच हा नॉब फिरवायचा: केसाएवढा, आणि प्रत्येक वेळी ऐकून. एक टिचकी जास्त झाली की “गिटार वाजतेय” असं वाटतं.

ऑक्टेव्हबद्दल, म्हणजे वाजवलेल्या स्वराला खालच्या सप्तकातला स्वर जोडणाऱ्या इफेक्टबद्दल, थोडक्यात. ए तारेच्या पाचव्या-सातव्या फ्रेटच्या वर छान. खाली ई तारेवर अडखळतो आणि कुठलाही पेडल तिथं अडखळेल, कारण त्या तारेचं एक आंदोलन पूर्ण व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात; तोवर स्वर कोणता हे यंत्राला कळणार कुठून! शिवाय ओपन ईच्या खालचा सप्तक २०.६ हर्ट्झ, तो आपल्या हॉलमधला एकही स्पीकर काढत नाही.

सहावा आठवडा: विश्रामबागेतला कार्यक्रम

शेवटी तीनच इफेक्ट उरले: कॉम्प्रेसर, त्यानंतर ड्राईव्ह, मग इक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा). इक्यूत ४० हर्ट्झच्या खालचं कापलं, २५० जवळ थोडं कमी केलं म्हणजे हार्मोनियमला जागा मिळते, आणि ८०० जवळ किंचित वाढवलं. ढोलकीवाल्यानं पहिल्या गाण्यातच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मध्यंतरात म्हणाला, “आज तुझ्या बोटावर थाप टाकत होतो.”

दोन गोष्टी चुकल्या. पॅच बदलताना आवाज एकदम वाढला, कारण घरी मी प्रत्येक पॅच वेगवेगळ्या दिवशी लावला होता. काल सगळे पॅच एकापाठोपाठ, त्याच हेडफोनवर, त्याच व्हॉल्यूमला ऐकून पातळी जुळवली. आणि या पेडलला एक्सएलआर डीआय आउट, म्हणजे लांबच्या केबलवर खरखर न येऊ देणारं आउटपुट, नाही. स्टेजपासून मिक्सरपर्यंत पंधरा-वीस मीटर साधी गिटारची केबल टाकली, तिनं वाटेतली सगळी खरखर गोळा केली. नवरात्राच्या आधी एक साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स घेतोय, पेडल आणि मिक्सरच्या मध्ये. तो आला की त्याच हॉलमध्ये, त्याच केबलच्या जागेवर लावून बघेन आणि ऐकलेला फरक इथेच लिहीन.